पाणी ओतणारा हात

तुमच्या एका शब्दावर कधी पाणी हजर झालंय? माझ्या मित्राच्या शब्दावर होत असे, आणि मी जळत असे.

छप्पन्नला आमच्या घरानं धम्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षांनी मी अमरावतीच्या कॉलेजात आलो, पिशवीत पत्रकं आणि डोक्यात समता घेऊन. विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि माझ्या मित्रानं आवाजावर हलणारा हात तयार केला. मित्र वलगावच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. टेलिफोनचा जुना माइक त्यानं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या भंगारातून आणला. पत्र्याची बोटं मी कापली, घासली, जोडली. माइकपाशी मोठ्यानं बोललं की मोटर फिरायची, हात उठायचा आणि तांब्या तिरपा करायचा. पुन्हा बोललं की खाली यायचा. शब्द कोणताही चाले. यंत्राला फक्त आवाज कळायचा.

प्रदर्शनात हुकूम मात्र तोच सोडायचा. "पाणी दे!" हात उठे, लोक थक्क होत. मी टेबलामागे, बॅटरीजवळ.

"मले बी एकदा बोलू दे ना बे."

"तू बॅटरी पाह्य. तुयं बोलनं भाषनावानी असते, यंत्र भेईन!"

लोक हसले. बोटं माझी, वाहवा त्याची. माझा नुसता जळफळाट.

मग माझं लक्ष लोकांकडे गेलं. धार उंचावरून पडत होती, खाली पेला नव्हता. लोक वाकून ओंजळीनं पीत होते. ते वाकणं मला पाठ होतं. याच मित्राच्या अंगणात, त्याच्या आईच्या तांब्याखाली मी तसाच वाकत आलो होतो.

"इतक्या उच्चीवरून कावून रे?"

"आमच्या घरी तुले असंच देतेत ना पानी? तेच पाहून उंची धरली."

किती सहज बोलला! मी त्याला बाजूला सारलं आणि माइकवर ओरडलो, "नाही!"

हात उठला. धार सुटली.

"अबे, ओंजळ धर ना खाली!" मित्र म्हणाला.

मी हात मागे बांधले. सगळं पाणी फरशीवर गेलं.

माइकचा हेवा तिथंच संपला. दुसरा अजून जळतो आहे: त्याला पाण्यासाठी कधी वाकावं लागलं नाही, म्हणून ती उंची त्याला टोचलीच नाही.

आज तुमच्या दारी कुणी पाणी मागितलं, तर पेला भरा आणि त्याच्या हातात द्या. बोटाला बोट लागू द्या.