स्टार्टसर

आमच्या इंग्रजीच्या सरांना 'स्टार्ट' या शब्दाने पछाडलं होतं. पूर्णगडजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे ते एकटेच, आणि मी मुख्याध्यापिका. त्यामुळे सगळा ताप माझ्या डोक्याला. मुलं त्यांना स्टार्टसर म्हणत आणि ते खूश होत.

"बाई, या शब्दाचा अर्थ मुळात 'सुरू करणं' नव्हताच," ते मला गाठून सांगत. "जुन्या इंग्रजीत स्टार्ट म्हणजे दचकून उडी मारणं. झुडपातनं ससा उठतो ना, तसं. काम सुरू करणं हा अर्थ फार मागाहून आला." मी म्हणे, "सर, दिवाळी झाली. दहावीचा तिसरा धडा कधी घेताय?" त्यावर ते चष्मा पुसत बसत. असा संताप यायचा!

एकदा हसीनाभाभी थेट ऑफिसात आल्या. त्यांची रुखसाना दहावीत, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. "बाई, हिच्या अब्बांनी मस्कतवरून सांगितलंय, इंग्रजीत नापास झाली तर शिक्षण बंद. पोरीला नर्स व्हायचंय. आणि तुमचे सर ससे पळवतायत." मी लगेच सरांना बोलावून चांगलं खडसावलं. ते म्हणाले, "उद्या प्रत्यक्षच दाखवतो, म्हणजे विषय संपला."

दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ अख्खा वर्ग घेऊन खाडीवर. होडी पाण्यात लोटताना शेवटचा माणूस उडी मारून आत चढतो, म्हणजे ती उडी हीच सुरुवात, हे त्यांना दाखवायचं होतं. अहो, खलाशाने दाखवलं असतं की! पण नाही. निवृत्तीला टेकलेले सर स्वतः विजार वर करून होडी ढकलायला गेले. उडी मारली, होडी पुढे गेली, सर मागे राहिले. पाय मोडला. पाण्यात बसूनच मुलांना विचारतात, "आता आलं का लक्षात?" मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

पायाला प्लास्टर आलं आणि वर्ग त्यांच्या पडवीत भरू लागला. उभं राहता येईना, फळ्यावर लिहिता येईना. मग नाइलाजाने ते मुलांनाच मोठ्याने वाचायला लावत, बोलायला लावत. "चुकलं तरी बोलत राहा, सुधारू मागाहून," एवढंच म्हणत. परीक्षेच्या आत पोर्शन संपला. इतकी वर्षं माझ्या ओरडण्याने जे झालं नाही ते एका मोडक्या हाडाने केलं.

निकालाआधीच ते निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला गेले. निरोपाचं भाषणही स्टार्टवरच. मी घड्याळ दाखवलं तरी थांबले नाहीत.

निकालादिवशी रुखसाना आईबरोबर पेढे घेऊन आली. पास झाली होती. सरांशी बोलायचंय म्हणाली, म्हणून मी फोन लावून दिला. आणि ती मुलगी चक्क इंग्रजीत बोलू लागली. मोडकंतोडकं, चुकत, पण न थांबता. हसीनाभाभी ओढणी तोंडाला लावून ऐकत होत्या.

मग फोन माझ्याकडे आला. पलीकडे तो अखंड बडबडणारा माणूस गप्प. "सर?" मी म्हटलं. नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं, ठेवते," मी म्हटलं, आणि फोन तसाच कानाला धरून बसले.