अस्वलाच्या कानात पऱ्हाटी

मंदाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या नागपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये इंटीरियर करणाऱ्या बाई मला भिंतीबद्दल समजावून सांगत होत्या. "मॅडम, ही भिंत पूर्ण रिकामी सोडायची. काहीही लावायचं नाही. तिला श्वास घेऊ द्या." मी मान डोलवत होते, तेवढ्यात काकूंच्या मुलाचा, संजयचा फोन. "ताई, आई गेली. झोपेतच. सकाळी चहाला उठली नाही म्हणून पाहायला गेलो तर..." मी रंगाच्या डब्यावर बसून राहिले. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला यवतमाळची काकूंची पुढची खोली दिसली, जिथल्या भिंतींनी मी तिथे राहत होते तोवर कधी श्वास घेतला नव्हता. घ्यायचाच म्हटला असता तर आधी सुतळीच्या घुबडाच्या पंखाखालून नाक बाहेर काढावं लागलं असतं.

लग्न होऊन मी यवतमाळला आले ती काकूंची भाडेकरू म्हणून. मागच्या दोन खोल्या आमच्या, पुढचं घर त्यांचं. काका लोहाऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, कारकून होते. फाटकावर एक पाटी होती, 'मंदाकिनी हॉबी क्लास', आणि रोज दुपारी दोन ते चार पुढच्या खोलीत दहा-पंधरा बायका मांडी घालून बसत. मी आले तेव्हा क्रोशाचं राज्य होतं. टीव्हीला कव्हर, रेडिओला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, पाण्याच्या तांब्याला झालर. टेलिफोनला तर गुलाबी रिबिनीचं झबलंच होतं. घंटी वाजली की काका आधी रिबीन सोडत, मग रिसीव्हर उचलत आणि धापा टाकत म्हणत, "हां, बोला. बाळाचं झबलं काढत होतो." कारखान्याच्या मालकांना बरेच दिवस वाटत होतं की काकांकडे उतारवयात पाळणा हलला आहे.

काकूंची एक बहीण नागपूरला धरमपेठेत राहायची. उन्हाळ्यात काकू आठ दिवस तिच्याकडे जात आणि बहिणीला घेऊन ओळखीपाळखीच्या घरी चहाला जात. चहा निमित्त. डोळे सगळे दिवाणखान्यावर. नागपुरात उन्हाळ्यात जे दिसे ते यवतमाळात दिवाळीला हजर. क्रोशा गेला आणि सुतळीच्या गाठींचं मॅक्रमे आलं, तेव्हा आमच्या गल्लीत एकोणीस घुबडं टांगली गेली. सगळ्यांचे डोळे एकाच मापाच्या लाकडी मण्यांचे. मग प्लास्टिकच्या मण्यांचे राजहंस आले, द्राक्षांचे घोस आले. एका पाहुण्यांनी आमच्याकडे खरंच द्राक्ष तोडून तोंडात टाकलं होतं. काकू कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की दोन मिनिटांत घराची जन्मपत्रिका सांगायच्या. "सोफ्यावर क्रोशाची जाळी आहे, म्हणजे लग्न टीव्ही यायच्या आधीचं. शोकेसमध्ये हंस, म्हणजे पोरगी कॉलेजात असताना घर सजलं. त्यानंतर काही नाही. म्हणजे पोरगी सासरी गेली." आणि त्या चुकत नसत.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात शिरत नाही. गावात कापूस पिकला नाही की आधी बाजार थंड होतो, मग सोनार, मग शिंपी. आणि दिवाणखाना सगळ्यात शेवटी, कारण तो लोकांना दाखवायचा असतो. पण तोही बदललाच. लोकर, मणी, सॅटिनची रिबीन कोणी विकत घेईना. काकूंनी एक अक्षर न बोलता क्लासचा अभ्यासक्रम बदलला. पोत्यांच्या सुतळीची आसनं, फुटक्या बांगड्यांचं तोरण, जुन्या साड्यांची पायपुसणी, गेलेल्या बल्बचे पेंग्विन. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीतल्या दिवाणखान्यात जे म्हणून काही दिसे ते आधी दुसरंच काहीतरी होतं. काकांचा कारखाना हंगामातही निम्मा वेळ बंद असे. ते मात्र डबा घेऊन रोज निघत आणि संध्याकाळी ठरल्या वेळी परत येत. दिवसभर कुठे बसत, ते काकूंनी विचारलं नाही. क्लास आता हौसेचा राहिला नव्हता, घर त्यावर चाललं होतं. पण हे त्या घरात कोणीच उच्चारत नव्हतं.

अशात पारू आली. लोहाऱ्याच्या पुढच्या बंजारा तांड्यावरची, पंचविशीतली, घरची कोरडवाहू शेती. दारात अर्धं पोतं टेकवून उभी. "काकू, मले शिकवा. फी नाही माह्यापाशी. हा कापूस घ्या. तिकडं कोणी घ्याले तयार नाही."

"अगं, मी कापूस घेऊन काय करू? आणि तोही सरकीसकट!"

"सरकी काढाले हात हायत ना आपले."

काकू बघत राहिल्या. त्या दिवसांत नागपूरहून नवी फॅशन येऊन धडकली होती, फरच्या कापडाची अस्वलं. फर कशीबशी मिळे, पण आत भरायचा नायलॉनचा भुगा परवडत नव्हता. पारूच्या पोत्यात काकूंना अस्वलं दिसली.

त्याच वेळी गल्लीच्या टोकाच्या बंगल्यात शेतीखात्यातले एक साहेब बदलून आले होते. त्यांच्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तीस छोटी अस्वलं सांगितली. इतकं मोठं काम काकूंना आयुष्यात मिळालं नव्हतं. आम्ही कंबर कसली. काकू कापत, मी शिवत, पारू बोटांनी सरकी काढून कापूस भरी. बोंडातली सरकी हातानं काढून पाहा, मग जिनिंगवाल्यांना लोक हात का जोडतात ते कळतं. पहिली वीस अस्वलं नीट झाली. पुढे बोटं सोलली, दिवस संपले आणि संक्रांत उंबऱ्यावर आली. पारू म्हणाली, "काकू, पोटात काय हाय ते कोण पाहून राह्यलं?" काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भर." शेवटची दहा अस्वलं सरकीसकट भरली गेली.

मॅडमनी नेमकं त्यातलंच एक हातात घेतलं. तोलून पाहिलं. "वा! पुण्याकडची पोकळ असतात हो. ही कशी भरीव आहेत!" काकू घरी आल्या त्या पातळाचा पदर तोंडात कोंबून.

उन्हाळा आला. एप्रिलच्या अखेरीस बंगल्यावरचा शिपाई निरोप घेऊन आला. "मॅडमनं बोलावलं. आत्ताच्या आत्ता." एवढंच. काकूंनी मला बरोबर घेतलं, पारू क्लासला आलेली होती, तीही निघाली. बंगल्याच्या हॉलमध्ये टेबलावर एका ताटलीत अस्वल बसवलं होतं. ते कूलरच्या खिडकीत ठेवलेलं असायचं, वाळ्याच्या ताट्यांचं पाणी दिवसभर अंगावर झिरपायचं. त्याच्या डाव्या कानाची शिवण उसवली होती आणि तिथून दोन हिरवीगार पानं बाहेर आली होती. पऱ्हाटी! कापसाचं रोप!

"हे काय आहे?" मॅडम.

मी भिंतीकडे पाहू लागले. पारू मात्र पुढे झाली, वाकली, बोटानं पान उचलून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "कोरडवाहूचं बी हाय, बाई. येवढं पाणी नाही चालत त्याले. कूलर बंद करा, नाही त सडते."

आतून साहेब आले. चष्मा लावून त्यांनी अस्वल चहूबाजूंनी पाहिलं. "गेल्या हंगामात निम्म्या जिल्ह्यातून बी उगवलं नाही अशा तक्रारी आल्या," ते म्हणाले, "आणि माझ्या खिडकीत मशागत न करता उगवलं. बाई, हे बियाणं कुठलं?"

"आमच्या घरचंच हाय, साहेब," पारू म्हणाली. "लागते का?"

साहेब हसायला लागले, पण मॅडमना काही हसू येईना. एकोणतीस बायकांना आपण हे वाण लुटलं, आता कोणाच्या घरात काय उगवेल! काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज निघाला तो सरळ. "चूक माझी आहे. मीच 'भर' म्हटलं. सगळी अस्वलं परत आणून नीट करून देते."

पुढचे चार दिवस आम्ही घरोघर अस्वलं तपासत फिरलो. कुठल्या अस्वलात सरकी आहे ते बाहेरून कळत नव्हतं, म्हणून काकू प्रत्येकाचं पोट बोटांनी दाबून पाहत. डोळे मिटून, डॉक्टरीणबाईंसारखं. "ह्याला काही नाही. ह्याला न्यावं लागेल." एका घरी उंदरांनी आधीच सरकीचा शोध लावला होता आणि नुसतं कातडं सोफ्यावर बसलेलं होतं. घरच्या बाई म्हणाल्या, "वाळलं हो. उन्हाळा सोसला नाही त्याले."

त्या फेरीत आम्ही निर्मलाकडे गेलो. निर्मलाचा नवरा काकांच्याच कारखान्यात वायरमन. ती क्लासला वर्षभर आली नव्हती, "वेळच मिळत नाही" म्हणायची. तिचं अस्वल टीव्हीवर बसवलेलं होतं. टीव्हीला काकूंनीच शिकवलेलं क्रोशाचं कव्हर, खाली छान झालर. काकूंनी अस्वल उचलताना कव्हर सरकलं. खाली टीव्ही नव्हता. पुठ्ठ्याचं खोकं होतं. निर्मला स्वयंपाकघरातून पाणी घेऊन येत होती. काकूंनी एका हातानं कव्हर परत ओढलं, झालर सारखी केली, अस्वलाचं पोट दाबलं. त्यात चांगलीच सरकी होती, बोटांखाली दाणे सरकताना मला दिसत होते... "ह्याला काही नाही झालं," म्हणाल्या आणि होतं तिथं ठेवून दिलं.

घरी आल्यावर फाटकाशी थांबून काकू म्हणाल्या, "अगं, आपण वर्षानुवर्षं बायकांना झाकायलाच शिकवून राहिलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्मलाला बोलावणं पाठवलं. मला एकटीला झेपत नाही, शिकवायला ये, मिळेल त्यातलं अर्धं तुझं. जेवताना काकांनाही सांगितलं, अगदी स्पष्ट, "घर क्लासवर चाललं आहे. आता ते लपवायचं नाही." काकांनी हात धुतले, घासलेटमध्ये चिंधी बुडवली आणि स्टूल घेऊन बाहेर गेले. पाटीवरचा 'हॉबी' हा शब्द त्यांनी घासून घासून काढला. 'मंदाकिनी' आणि 'क्लास' यांच्यामध्ये पुढे कित्येक वर्षं मोठी मोकळी जागा राहिली. लोकांना वाटे, नवी फॅशन आहे. दुसऱ्या दिवसापासून काकाही डबा घेऊन निघाले नाहीत. क्लासच्या बायकांना चहा करू लागले. चहा चांगला करत.

ती अस्वलं दुरुस्त करताना पारूनं तिच्या आईचा जुना फेटिया आणला, बंजारा बायकांचा आरशांनी भरलेला घागरा. चिंध्या उपयोगी पडतील म्हणून. काकूंनी कात्री खाली ठेवली. "पारू, हे आपण का शिकवत नाही गं?"

"हे भिंतीले लावाचं नसते, काकू. आंगात घालाचं असते."

"तुझ्या याडीला विचार. ती हो म्हणाली तरच." याडी म्हणजे आई, हा एक शब्द काकूंनी पारूकडून उचललेला.

याडीनं निरोप पाठवला, शिकवा, पण नीट शिका. मग काय, पारू पाटावर आणि काकू मांडी घालून समोर. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी विद्यार्थिनी. आरसा धरून ठेवणारा टाका काकूंना काही केल्या जमेना. पारू चष्म्याच्या दुकानदारासारखी कापड उजेडात धरे आणि म्हणे, "उसवा." काकू उसवत. बायका खाली माना घालून हसत. पण दिवाळीला धरमपेठेतल्या बहिणीचा फोन आला. काकूंनी तिला पाठवलेली आरशाची उशी तिच्या मैत्रिणींना हवी होती, आठ जणींना. काकूंनी फोन ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "ऐकलं का? या वेळी नागपूर यवतमाळचं पाहून राहिलं!"

पुढे कारखाना कायमचा बंद झाला, काका गेले, आम्ही बदली होऊन नागपूरला आलो. भिंतींवर टेक्श्चर आलं, वर पीओपीची फुलं आली आणि गेली. संजयनं घर पांढरं रंगवलं. काकू म्हणायच्या, "दवाखान्यात झोपल्यासारखं वाटते." पण त्याला अडवलं नाही. त्याच्या काळाचं घर त्याचं, म्हणायच्या.

काकूंच्या चौदावीला, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या जेवणाला, गेले तेव्हा पुढच्या खोलीत मांडववाल्याची सतरंजी आणि तिच्यावर मोठाल्या फुलांच्या नव्या चादरी अंथरल्या होत्या. जेवणं झाल्यावर आम्ही क्लासच्या सात-आठ जणी भिंतीला टेकून बसलो. निर्मला होती, केस पिकलेली पारू होती. आता सांगते ती काकूंची सगळ्यात खोडसाळ सवय. कुठेही गेल्या, अगदी कोणाच्या लग्नात, तरी बोलता बोलता हात चादरीकडे, पडद्याकडे, टेबलक्लॉथकडे जाई आणि कोपरा हळूच उलटा होई. मागची बाजू पाहिल्याशिवाय त्यांचं बूड टेकत नसे. तर मी अशी बसलेले असताना माझ्या हातात चादरीचा कोपरा होता. उलटा. वर पाहिलं तर निर्मलानं तिच्याकडचा उलटा केलेला. पलीकडे पारूही मान वाकडी करून मागची शिवण पाहत होती. आमची नजरानजर झाली आणि त्या खोलीत, चौदावीच्या दिवशी, सगळ्याजणी मोठमोठ्यानं हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. अंगणातले पुरुष दारात येऊन उभे राहिले. संजय बुंदीचं ताट हातात घेऊन घाबरून आत आला. "काय झालं?"

पारूनं चादर सरळ केली, पदरानं डोळे पुसले.

"काही नाही, भाऊ. काकू येऊन गेल्या."