आमच्यात चुलत म्हणत नाहीत

फाईल कुठलीही असो, काका चष्मा कपाळावर सारायचे, स्क्रीनला बोट टेकवायचे आणि विचारायचे, “ह्याचा बाप कोण?”

नवा माणूस दचकायचा. आम्हाला सवय झाली होती. बोट टेकवून टेकवून त्यांच्या स्क्रीनवर एक डाग पडलेला असे. तो पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

पुंडलिकनगरात एका दवाखान्याच्या वर आमचं छोटं ऑफिस. बाहेरच्या देशांतली पुस्तकं आमच्याकडे यायची आणि आम्ही ती एक्सएमएलमध्ये घालायचो. म्हणजे काय, तर पुस्तकाच्या तुकड्या-तुकड्याला खूण करायची: हे प्रकरण, प्रकरणाच्या पोटात हे परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात ही तळटीप. काकांनी वर्षानुवर्षं हे काम हातानं केलं, त्याआधी डीटीपी केलं. हात असा चालायचा की बघत राहावं. मग कंपनीनं ठरवलं, हातकाम बंद. आता मशीनला एका ओळीत सांगायचं, यातले कुठले तुकडे उचल आणि त्यांचं काय कर. ही ओळ ज्याला लिहिता येईल तो राहील, बाकीच्यांनी घरी जायचं. महिनाअखेरीला परीक्षा. आणि शिकवायचं कोणी, तर मी.

काका पन्नाशी ओलांडलेले. शहरातली डीटीपीची दुकानं एकेक करून मिटलेली. “इथून गेलो तर मला कोण घेतंय, मॅडम?” असं ते हसत म्हणायचे, त्यामुळे ते ऐकणं आणखीच जड जायचं.

त्या ओळींची सगळी भाषा नात्यांची. वरचा तो पॅरेंट, त्याच्या पोटातलं ते चाइल्ड, एकाच पॅरेंटची ती सिबलिंग. काका पहिल्याच दिवशी खूश! “हे तर आपलंच हाय की. रूट म्हणजे मूळ पुरुष, व्हय ना?” व्हय, म्हटलं, काका, मूळ पुरुष.

ॲट्रिब्यूटपाशी मात्र ते भडकले. प्रकरणाचा क्रमांक प्रकरणाच्या अंगावर लिहिलेला असतो, तो हा ॲट्रिब्यूट. क्रमांकाला विचारा, तो म्हणेल प्रकरण माझा पॅरेंट. पण प्रकरणाची मुलं मागवा, त्यांत क्रमांक येत नाही. नियमच आहे तसा. “पोरगं म्हणतंय हाच माझा बाप, अन् बाप म्हणतोय हे माझं नाय! मॅडम, हे प्रकरण कोर्टात जाणार.” अख्खा वर्ग हसून लोळला. मीसुद्धा.

पण खरी गाडी अडली ती भावावर. सराव असा होता: एका परिच्छेदावर उभं राहायचं आणि तिथून पुस्तक संपेपर्यंतचे सगळे परिच्छेद मागवायचे. काकांनी लिहिलं ‘फॉलोइंग सिबलिंग’, म्हणजे पुढची भावंडं. मशीननं त्याच प्रकरणातले परिच्छेद दिले आणि गप्प बसलं. पुढच्या प्रकरणातला एकही नाही.

“बाकीचे कुठं गेले?”

“काका, ते भाऊ नाहीत. त्यांचं प्रकरण वेगळं, म्हणजे बाप वेगळा. चुलत आहेत ते.”

“मग? चुलत म्हणजे भाऊच की.”

“मशीनला तसं नाही ना कळत.”

“आमच्यात चुलत म्हणायची पद्धतच नाय,” काका म्हणाले. “आमच्या गावाला, पाचोडला जावा, बाजारात कुणालाबी विचारा, ह्याला भाऊ किती? सात म्हणतील. अन् माझ्या बापाला मी एकटाच.”

मी म्हटलं, “सिबलिंग शब्द काढून टाका. नुसतं ‘फॉलोइंग’ लिहा. सगळे येतात.”

“म्हणजे भाऊ म्हणायचं सोडलं, की येतात?”

“हो.”

“कमाल हाय,” म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा स्क्रीनला बोट टेकवलं.

तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा, ज्याची चूक डोक्यात नसते, अंगातच असते. रोज मी सांगायचे. रोज काका मान डोलवायचे, “समजलं, लई झकास समजलं,” आणि रोज तेच लिहायचे. मी तर एकदा वैतागून म्हटलं, “काका, तुमचं घर पाचोडला राहू द्या हो! इथं नोकरीचा प्रश्न आहे.”

“गेलीच नोकरी तर पाचोड हाय की. भाऊ हायत.”

परीक्षेत नेमकं तेच आलं. फाईल पूर्ण निघाली तरच पास, असा नियम. काकांचं बाकी सगळं बरोबर होतं. त्या एका ओळीत सिबलिंग. पहिलं प्रकरण सुरेख बाहेर पडलं आणि उरलेलं पुस्तक आत जसंच्या तसं राहिलं. मी साहेबांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, “उत्तर चूक आहे ना पण?” होतंच चूक.

जिन्यात काकांना गाठलं. “अहो, पाठ होतं ना तुम्हाला?”

“होतं. हात तिकडंच गेला, मॅडम.”

मला रडू फुटलं. तेच मला समजावत राहिले.

पुढं तर त्या ओळीही मशीन आपल्या आपण लिहायला लागलं आणि पास झालेल्यांतलेही बरेच घरी गेले. ऑफिस आता अर्धं रिकामं आहे. मी आहे अजून, किती दिवस ते ठाऊक नाही.

मध्यंतरी छावणीच्या बाजारात काका दिसले. वाळलेले. एका झेरॉक्सवाल्याकडं बसतो म्हणाले, काम असलं तर.

“पाचोडला नाही गेलात?”

“गेलो होतो ना, कायमचाच म्हणून. लई चांगलं केलं भावांनी. कोंबडं कापलं. नवी गादी टाकली.”

“मग?”

कोथिंबिरीची जुडी ते हातात उलटसुलट करत राहिले. “एक दिवस सकाळी चहा घेत होतो. धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. लई मायेनं विचारलं त्यानं, ‘दादा, मुक्काम किती दिवस?’”

काकांनी जुडी परत ढिगावर ठेवली, “येतो, मॅडम,” म्हणाले आणि गर्दीत गेले. त्यानंतर ते मला कुठंच दिसलेले नाहीत.