आवतण दिलेला बैल

"डॉक्टरबाई, माह्या बैलानं का चोरी केली का?"

नामदेवराव कासरा सोडायला तयार नव्हते. राजा त्यांच्या मागे मान खाली घालून उभा होता. अंगभर गाठी, ताप, नाकातून पाणी. लम्पीच होता, माश्या-डासांनी पसरणारा त्वचारोग. पोळा तोंडावर आला होता आणि माझ्या हातात वरून आलेला आदेश होता: बाधित जनावर 'सीक्वेस्टर' करावे.

हे इंग्रजी क्रियापद सरकारी कागदांत फार भेटते. त्याचा साधा अर्थ बाजूला काढून ठेवणे. कोर्ट वादातली मालमत्ता दोन्ही पक्षांपासून दूर, आपल्या ताब्यात ठेवते, तेव्हा हाच शब्द वापरते. आम्ही पशुवैद्य रोजच्या बोलण्यात 'आयसोलेट' म्हणतो, म्हणजे आजाऱ्याला निरोग्यांपासून तोडणे. 'क्वारंटाइन' त्याहून वेगळे. ते आजाऱ्याच्या सहवासात आलेल्या, पण अजून धडधाकट दिसणाऱ्या जनावरासाठी. म्हणून राजाला आयसोलेशन आणि त्याचा जोडीदार सर्जा याला क्वारंटाइन, असे मी ठरवले.

"म्हंजे जोडी तोडून राहिल्या तुम्ही," नामदेवराव म्हणाले. "पोळ्याच्या तोरणाखाली माही जोडी पयली उभी रायते. साऱ्या गल्लीले माहीत हाय."

"गल्लीतले बैल वाचवायचेत ना, काका? लस आत्ताच टोचली आहे. तिचा गुण यायला वेळ लागतो. तोवर एक माशी पुरेशी आहे."

त्यांची बायको कौसल्याबाई दारातून म्हणाली, "द्या न कासरा सोडून. बाई का घरी घेऊन चालल्या त्याले?"

राजाची रवानगी नामदेवरावांच्या संत्र्याच्या बागेतल्या गोठ्यात झाली. कडुनिंबाचा धूर, वेगळी बादली, वेगळा चारा. सर्जा घरामागे एकटा. सावनेरच्या बाजारातून आणलेली मच्छरदाणी जोडून मी राजाच्या गोठ्याचे तोंडही झाकून घेतले.

सौंसरहून, म्हणजे मध्य प्रदेशातल्या आमच्या तालुक्याच्या ठिकाणाहून, वरिष्ठांचा फोन आला. "मॅडम, सीक्वेस्टर हुआ कि नहीं?"

"हो गया, सर."

"पक्का? त्योहार है। गाँववाले मानते नहीं।"

"मान गए हैं, सर."

फोन ठेवला, पण मन ठिकाणावर येईना. काहीतरी राहून गेले आहे असे वाटत होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मोहगावकडची एक भेट उरकून मी स्कूटी पुन्हा त्या गावाकडे वळवली.

त्या संध्याकाळी आमच्याकडे खांद शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद लावून पळसाच्या पानाने शेकायचे आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. नामदेवरावांच्या भावकीत लोणी-हळदीची वाटी एकच असते. ती सर्वांत जुन्या बैलापासून निघते आणि घरोघर फिरते. सर्वांत जुना बैल म्हणजे राजा.

बागेच्या फाटकातून नामदेवराव बाहेर पडत होते. हातात तीच वाटी, बोटे पिवळी. आत राजाच्या खांद्यावरची गाठ फुटलेली दिसत होती.

"काका, थांबा! वाटी खाली ठेवा."

"काऊन?"

"त्या गाठीला लागलेला हात या लोण्यात बुडाला आहे. आता तोच प्रत्येक बैलाच्या खांद्यावर जाणार."

"पूजेची वाटी हाय, डॉक्टरबाई. वाटेत ठेवत नसते."

पुतण्याच्या दारात बैल धुऊन तयार होते. सारे आमच्याकडे पाहत होते. मी रस्ता अडवून उभी होते. दुसरे काय करावे ते मला सुचत नव्हते.

कौसल्याबाई पुढे आली. "वाटी बागेत घेऊन जा. मी दुसरी भरतो. भावकीचे बैल यंदा मी शेकतो."

"बाईमाणूस शेकते का खांद?"

"शेणगोठा चालते न बाईचा? मंग हेही चालते."

कोणीतरी हसले. नामदेवराव हसले नाहीत. ते वाटी घेऊन बागेत परतले. मी मागून गेले आणि त्यांना साबणाने हात धुवायला लावले. हात पुसत ते म्हणाले, "सांगा तिले, उद्या माहं जेवण इथंच पाठव. राजाले आवतण देऊन बसलो. बोलावून घरधनीच नाही, असं कसं चालन?"

"उद्या तोरणाखाली?"

"सर्जा तिकडं एकटा, हा इकडं. मी तोरणाखाली कोणाले घेऊन उभा राहू?"

पोळ्याच्या दिवशी गल्लीने तोरणाखाली पहिली जागा मोकळी सोडली. पुरणपोळीचे ताट बागेच्या फाटकावर ठेवले गेले आणि ठेवणारा तिथूनच मागे फिरला. राजा बरा होईपर्यंत नामदेवराव दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात गेले नाहीत. भावकीतला एकही बैल आजारी पडला नाही. राजाच्या खांद्यावर व्रण राहिला. आता त्याला जू लावत नाहीत.

बाजूला काय ठेवायचे, ते आदेशात स्पष्ट लिहिलेले असते. त्याच्याजवळ कोण राहणार, यासाठी त्यात रकाना नसतो. तो प्रश्न मी आता कासरा हातात घेण्याआधी विचारते.