बुखाऱ्याची नहर

हर्सूल तलावाच्या खालच्या अंगाला बद्रीनाथची पेरूची बाग होती. त्याची लेक साळू. शहराला एके काळी पाणी पुरवणारी जुनी नहर जमिनीखालून कुठून कुठं जाते, याचा तिला लहानपणापासून नाद. शाळेतून येताना आतलं पाणी ऐकायला नहरीच्या दगडी मनोऱ्याला कान लावून उभी राहायची आणि उशीर झाला म्हणून आईची बोलणी खायची.

कुस्ती तिला बद्रीनाथनंच शिकवली. कॉलेजात ती कुराशकडं वळली. ही मध्य आशियातली कुस्ती. जाकीट नाहीतर कंबरपट्टा धरून समोरच्याला उभ्यानंच पाडायचं. त्या खेळानं तिला बाविसाव्या वर्षी उझबेकिस्तानातल्या बुखारा शहरात नेलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्या संघाला जुनं शहर दाखवायला नेलं. निळ्या घुमटांपुढं मुली फोटो काढू लागल्या. साळू मात्र तुतीच्या झाडांखालच्या मोठ्या हौदापाशी थबकली.

"सर, ह्या हौदात पाणी कुठून येतं?"

"मला काय ठावं?" प्रशिक्षक कारभारी सर म्हणाले. "दुपारी वजन हाय. काही खाऊ नको, लांब जाऊ नको."

हौदाच्या कडेनं दगडी पाट वाहत होता. साळू त्याच्या काठानं उलट दिशेनं निघाली. गल्ल्या मातीच्या भिंतींच्या, दारं कोरीव लाकडाची. एका दारात एक म्हातारी टोपलीत गरम रोट्या घेऊन बसली होती.

"नान?" तिनं विचारलं.

साळू चमकली. हा शब्द तर आपल्याकडच्या शहागंज बाजारातला! तिनं पाटाकडं बोट केलं. "नहर?"

"नहर, नहर!" म्हातारी खूश झाली. साळूच्या सदऱ्याच्या पाठीवरची कुराशची खूण बघून तिनं तिचा दंड चाचपला. "पहलवान?"

"व्हय, पहलवान," साळू हसत म्हणाली. म्हातारीनं रोटीचा तुकडा पुढं केला. पोटात कावळे ओरडत होते, पण साळूनं हातानंच वजनकाटा करून दाखवला. म्हातारी खदखदून हसली आणि तिनं अख्खी रोटी कापडात बांधून दिली.

पुढं नहर एका रुंद रस्त्याखाली गडप झाली. साळूनं मागं पाहिलं, तर सगळ्या गल्ल्या सारख्याच. मग पुन्हा पाण्याचाच माग काढत, पळत ती हौदापाशी आली. कारभारी सर घामाघूम होऊन तिलाच शोधत होते.

"लई झालं तुझं! पाणी बघायला इतक्या लांब आलीस का?"

वजन बरोबर भरलं. टेकून बसत साळूनं ती रोटी सगळ्या मुलींत वाटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या लढतीत तिनं समोरच्या मुलीला पाठीवर आपटलं. पंच "हलाल!" म्हणून ओरडला, म्हणजे स्वच्छ विजय. दुसऱ्या लढतीत तिथल्याच एका मुलीनं तिला तसंच आपटलं आणि साळूची स्पर्धा संपली.

संध्याकाळी सर तिच्याजवळ आले. "चल, ती तुझी नहर दाव बरं."

दुभाष्याला घेऊन दोघं निघाले. रस्ता ओलांडल्यावर पलीकडं नहर पुन्हा उघड्यावर वाहत होती.

"हे जरफशान नदीचं पाणी," दुभाष्या म्हणाला.

"आन् नदीला कुठून येतं?" साळूनं विचारलं.

"डोंगरातल्या बर्फातून."

"आता डोंगर चढायला निघू नको," सर म्हणाले. "उद्या विमान हाय."

साळू हसली, तरी पुढच्या वळणापर्यंत जाऊन आलीच.