पुरे म्हणेपर्यंत

माझे वडील आमच्या लिंडेनरोड ह्या छोट्या जर्मन संस्थानाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ते गेले की ज्याला त्यांची जागा हवी त्याने त्यांच्या थोरल्या मुलीशी लग्न करायचं, असा आमच्याकडे रिवाज. थोरली मी. गॉटहोल्ड वेंडलर ऑर्गन पाहून हरखला, मला पाहून त्याचं तोंड उतरलं, तरी हो म्हणाला. पाववाल्याच्या पोराला असं वाद्य पुन्हा कुठे मिळायचं! मी वयाने मोठी, त्यामुळे दरडावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

सकाळी चर्च, संध्याकाळी निळी वर्दी घालून राजवाड्यात व्हायोलिन. राजेसाहेबांच्या परवानगीशिवाय वेशीबाहेर जायचं नाही. गॉटहोल्ड मुळातच भित्रा. दरबारात कोणी शिंकलं तरी ह्याचा सूर ढळायचा.

त्या ईस्टरला राजेसाहेब अंथरुणाला खिळले होते. राजा गेला की आमच्याकडे त्या क्षणी संगीत बंद, ते वर्षभर. गॉटहोल्ड ईस्टरचं आनंदाचं वाजवत होता. पाठीमागचं दिसावं म्हणून ऑर्गनवर लावलेल्या आरशात त्याला दिसलं, की राजवाड्याचा नोकर धावत चर्चमधल्या राजाच्या सज्जात शिरला आणि त्याने झडपा ओढून घेतल्या, मयताला ओढतात तशा. ह्याला वाटलं, राजा गेला आणि आपण आनंद वाजवतोय! त्याने हात उचलले.

मध्येच थांबलेल्या ऑर्गनचा एकच अर्थ. बायका हुंदके द्यायला लागल्या, घंटावाल्याने मृत्यूची घंटा वाजवायला घेतली. नोकर मेला नुसती सज्जातली राजेसाहेबांची उशी न्यायला आला होता. आणि राजेसाहेब पलंगावर पडून स्वतःचीच घंटा ऐकत होते.

दुपारी शिपाई आले.

"बार्बारा, माझं डोकं जाणार गं."

"डोकं असतं तर थांबला असतास का?" मी म्हणाले खरी, पण शाल ओढून घेतली. मी सोबत गेले.

"वेंडलर, मारलंस की रे मला," राजेसाहेब हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"चूक झाली, महाराज."

"आता रोज शेजारच्या खोलीत बसून तिथला छोटा ऑर्गन वाजवायचा. ऐकू येतंय तोवर मी आहे. मी 'पुरे' म्हणेन तेव्हाच थांबायचं. आधी थांबलास तर तळघरात सडशील."

सारा उन्हाळा तो वाजवत राहिला. बोटं सुजली. झोपेतही गोधडीवर वाजवायचा, आणि मी जागी राहून रडायचे.

एका संध्याकाळी मी त्याला न्यायला गेले, पण 'पुरे' आलंच नाही. वैद्य बाहेर आले, दार लावून घेतलं, मान खाली घालून निघून गेले. मला कळलं, नोकरांनाही कळलं. पण राजा गेला हे वारसाने सांगितल्याशिवाय कोणी उच्चारायचं नाही, आणि युवराज शिकारीला गेलेले. गॉटहोल्ड घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होता. मी भीतीने तोंड उघडलं नाही. पट्ट्यांवर रक्ताचे डाग पडले.

सकाळी युवराज चिखलाच्या बुटांनी आले. "मेल्यावरही वाजवतोय हा?" म्हणून हसले. मी गॉटहोल्डचे हात धरून पट्ट्यांवरून उचलले.

युवराजांनी त्याची वर्दी काढून घेतली. सुतकाचं वर्ष उलटलं, ऑर्गन दुसऱ्याला गेला. गॉटहोल्ड जेवणाच्या मेजाशी बसतो आणि त्याची बोटं लाकडावर चालू होतात.

"पुरे, गॉटहोल्ड. पुरे रे आता," मी म्हणते.

तो दाराकडे बघतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "त्यांनी सांगितलं?"