खांदशेकणीच्या संध्याकाळी मी कुठे होतो

ऐन तरुणपणी, एका म्हातारीला गाडीने उडवून पळून गेल्याचा आळ माझ्यावर आला होता. आळ साफ खोटा होता. पण तो माझ्यावरच का आला हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून राग जास्त येत होता.

त्याच वर्षी माघात शंकरपट झाला. शंकरपट म्हणजे आमच्या केशोरीकडची बैलांची शर्यत. माझी जोडी जिंकली असं माझं म्हणणं, आणि हरली असं शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याचं. शब्दाने शब्द वाढला आणि मी हातातली तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं. याची शेती आता अडणार, तेव्हा तुझ्या जोडीतला एक बैल याला दे, असं पंचांनी ठरवलं. वासरू असल्यापासून माझ्या हाताखाली वाढलेला डावा बैल गेला. त्याच्या जागी कर्ज काढून दुसरा आणला. वर कचेरीत खटला झाला तो निराळाच. पहिला गुन्हा म्हणून साहेबाने तुरुंगात धाडलं नाही. वर्षभर चांगलं वागण्याच्या मुचलक्यावर सोडलं आणि बजावलं, ‘या माणसाच्या घराकडे पाऊल टाकलंस तर मुचलका मोडला समज. मग तुरुंग.’

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नवेगाव बांधच्या रस्त्यावर मासे विकून परतणाऱ्या एका म्हातारीला गाडीने धडक दिली. बिचारीचा पाय मोडला. गाडीवाला थांबला नाही. अंधारून आलेलं, तिला ना बैल ओळखता आले ना माणूस. गाडी भरधाव होती, एवढंच ती सांगे. भरधाव म्हटल्यावर लोकांना पटात जोडी पळवणाऱ्या माझ्याशिवाय दुसरं कोण आठवणार? बद अच्छा, बदनाम बुरा. दुसऱ्या दिवशी गावाच्या तोरणाखाली बैल उभे असताना शिपायाने मला तिथूनच उचललं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेला बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळायचा, शेकायचा आणि बैलाला म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ त्यानंतर पोळा होईपर्यंत कोणी शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मी गाडी जुंपलीच कशी असेन? हे मी जीव तोडून सांगितलं. साहेब लांबून बदलून आलेला.

“रिवाज गवाही नहीं देता,” तो म्हणाला. “उस शाम तुम कहाँ थे, ये बताओ.”

ते सांगायची सोय नव्हती. कारण मी मनगट मोडलेल्या त्या शेतकऱ्याच्याच कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, होतो.

घरच्या बैलांचे खांदे शेकून झाले आणि देऊन टाकलेल्या डाव्याची आठवण सहन होईना. मागच्या बाजूने, कुंपण सारून चोरासारखा आत शिरलो. बैलाने वास ओळखला. खांदा चोळला, सवयीने आवतनही देऊन बसलो. मग लक्षात आलं, हा आता माझ्या घरी जेवायला कसा येणार? तिथेच, त्याच्या मानेला धरून रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

आता इकडे आड, तिकडे विहीर. कुठे होतो ते सांगावं तर मुचलका मोडतो, न सांगावं तर म्हातारी माथी बसते. साहेबाने पुढली तारीख दिली. घरी आलो तर बायको म्हणाली, “खरं सांगून टाका जी. कोणी पाह्यलं असन तुम्हाले.”

“पाह्यलं असन त त्यानंच. तो कायले सांगते माह्या बाजूनं?”

धान पोटरीत आलं होतं. कापणीला मी तुरुंगात असेन आणि ही एकटी बांधावर, या विचाराने झोप उडाली होती.

तारखेला तो शेतकरी कचेरीत दिसला. हा मला पुरतं गाडायला आला, असंच मी धरलं.

“साहेब,” तो म्हणाला, “त्या सांजेले हा माह्या कोठ्यात होता. मी दाराआडून पाहून राहिलो होतो.”

“इसको तो मनाई थी!”

“मीच बलावलो होतो साहेब. बैलाची खांद शेकाले.”

त्याने बोलावलं नव्हतं. शपथेवर तो तेवढं एकच खोटं बोलला. साहेबाने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मला सोडून दिलं. ती गाडी कोणाची, हे शेवटपर्यंत उघडकीस आलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं.

“काऊन आला गा तू?” एवढंच विचारलं.

त्याने उजवा हात पुढे केला. मनगट वाकडं जुळलं होतं.

“या हातानं खांद चोळता येत नाही. जोर केला त कळ येते. सांजेपासून बैलाजवळ उभा राहून पाहलो, जमलं नाही. बायकोले सांगाले आत गेलो, तेवढ्यात तू आला. म्हटलं, करू दे.” मग एकदम आवाज चढवून म्हणाला, “पण बैल वापस देणार नाही, सांगून ठेवतो!”

“मागतच नाही.”

“पुढच्या पोळ्याले ये. समोरून ये, माणसासारखा.”

मी गेलो. तो बैल होता तोवर गेलो आणि बैल मेल्यावरही त्या शेतकऱ्याच्या दुसऱ्या जोडीसाठी दर वर्षी जात राहिलो, कारण ते मनगट काही पुन्हा सरळ झालं नाही.